अंड्यातली लस की पेशीतली?

परभणीच्या मावसभावाचा फोन आला: "आई माळकरी, त्यात दमा. फ्लूची लस अंड्यातून काढतात म्हणे. पेशीतली बघू का?"

अंड्याच्या पद्धतीत दहा-अकरा दिवसांच्या फलित अंड्यात विषाणू टोचतात, तो वाढला की आतलं पाणी काढून विषाणू निष्क्रिय करतात आणि शुद्ध करतात. डोसामागे एक किंवा जास्त अंडी लागतात. १९४०च्या दशकापासूनची पद्धत, म्हणून स्वस्त. खोट एवढीच, की अंड्यात वाढताना विषाणू, त्यातही फ्लूचा एच३एन२ हा प्रकार, थोडा बदलतो आणि लसीचा नेम ढळू शकतो.

पेशींच्या पद्धतीत विषाणू टाकीत वाढवलेल्या प्राण्याच्या पेशींमध्ये वाढतो. अंड्यांची वाट बघावी लागत नाही, बदलही कमी. अमेरिकेत २०१२ला मान्यता मिळाली. पण महाग. आणि त्या पेशींचं मूळ कुत्र्याच्या मूत्रपिंडात आहे, हे मावशीला कोण सांगणार?

फ्रीज दोन्हींना २ ते ८ अंशांचाच लागतो. लोडशेडिंगच्या गावात मी आधी दुकानदाराला तेच विचारतो.

अंड्याला मनातूनच हरकत असेल आणि पेशीतली मिळत असेल, तर ती घ्या. बाकी मावशीसारख्या दम्याच्या माणसाने जवळ मिळेल ती, पावसाळ्याच्या तोंडावर, डॉक्टरांना विचारून टोचून घ्यावी.