क्रूझ: गोवा की लक्षद्वीप?

रावेरचा मामेभाऊ केळीचा माल गेल्यावर विचारत होता, "भो, मुंबईहून गोव्याची क्रूझ घेऊ की लक्षद्वीपची?" सोबत मामी, बायको आणि दोन पोरं.

आधी पैसा. तिकिटाच्या आकड्यावर जाऊ नका. कर, बंदर शुल्क, किनाऱ्यावरची सहल आणि इंटरनेट सहसा वेगळं लागतं. बेरीज करूनच तुलना करा. गोवा दोन-तीन रात्रींत आटोपतं, लक्षद्वीपला चार-पाच, म्हणून खर्चही वाढतो. मुंबईपर्यंतचा प्रवास दोन्हीकडे सारखाच: भुसावळहून रात्रीची गाडी, सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, जवळच.

खरा फरक उतरताना कळतो. गोव्यात जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं, मामी चालत खाली येतील. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या (पोवळ्याच्या खडकांच्या) कडेबाहेर थांबतं, तिथून छोट्या होडीत उतरायचं. होडी हलते, गुडघे दुखणाऱ्याला ते जड जातं. समुद्र खवळला तर उतरणंच रद्द होऊ शकतं. शिवाय बेटांसाठी प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंगआधीच विचारा.

पण पाणी! तापीचं गढूळ पाणी पाहिलेल्या डोळ्यांना लक्षद्वीपच्या प्रवाळाच्या कडेआतला उथळ, हिरवा-निळा समुद्र खोटा वाटेल. गोव्याला तर रेल्वेनेही जाता येतं.

जेवण दोन्हीकडे भरपूर, शेवभाजीची आशा मात्र सोडा.

मामी सोबत असतील, पहिलीच वेळ असेल तर गोवा. नवराबायको दोघंच, पोहण्याची हौस आणि हाताशी आठवडा असेल तर लक्षद्वीप, पावसाळा टाळून.