फोंड्यातलं डीव्हीडीचं दुकान

जत्रेतलं आमचं नाटक आजीच्या जुन्या प्लेअरवर चालायला हवं होतं. आधी दुसरीकडे करून घेतलेली डिस्क तलवारबाजी आली की अडखळायची. राजा हात वर करून थिजलेला! फोंड्यातल्या या दुकानातल्या पोराने फाइल बघताच सांगितलं, "इथे बिटरेट १२ वर जातोय." बिटरेट म्हणजे दर सेकंदाला प्लेअरला वाचावा लागणारा डेटा. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट, आवाज वगैरे धरून १०.०८. डिस्क बनवायचं सॉफ्टवेअर इशारा देतं, पण लोक 'ओके' दाबून मोकळे होतात. हा तसं करत नाही. नाटक दोन तासांचं, डिस्क ४.७ जीबीची, म्हणून त्याने सरासरी ५ धरली, कमाल ८. अंधाऱ्या प्रवेशात थोडे चौकोन दिसतात, आजीला दिसले नाहीत. पावती मात्र मागून घ्यावी लागते.