६३ सीसीचा छोटा टिलर: परड्यात चालतो, वरकसात रडतो

दोन-स्ट्रोक इंजिन, ६३ सीसी, कागदावर तीन अश्वशक्ती, खाली वर्म गिअरबॉक्स आणि पात्यांचे चार संच. असा टिलर, म्हणजे हाताने धरून माती मोकळी करायचं यंत्र, दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत अवजारांच्या दुकानांत वेगवेगळ्या रंगांत आणि नावांत मांडलेला असतो. रंग वगळला तर आतला माल बराचसा एकच. परडं म्हणजे घरामागची वाडी, नारळ-सुपारीचं आगर, भात काढल्यावरचा खाचराचा एखादा तुकडा यासाठी तो घ्यावा. कातळाला लागून असलेलं वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, पहिल्यांदा फोडायला घेणार असाल तर पैसे वाया जातील.

सात अश्वशक्तीचा चार-स्ट्रोक वीडर, म्हणजे याच कामाचं मोठं यंत्र, ताकदीला केव्हाही सरस, पण तो गडगा ओलांडून, पाखाडीच्या पायऱ्या उतरून आगरात न्यायचा कोणी? कोकणात हा प्रश्न ताकदीच्या आधी येतो. छोटा टिलर एकट्याला उचलता येतो. त्याची खरी किंमत तिथेच वसूल होते.

जमीन कुठली, यावर निम्मा निकाल ठरतो. समुद्रालगतच्या पुळणीच्या वाळूसर मातीत यंत्र लोण्यात सुरी जावी तसं जातं, फक्त वाळूने पाती लवकर झिजतात. खाचराच्या चिकट मातीत वाफसा गाठावाच लागतो. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर चालवा. नुसता चपटा झाला तर आणखी दोन-तीन दिवस थांबा, नाहीतर पात्यांभोवती चिखलाचा लाडू वळतो आणि माती मोकळी होण्याऐवजी थापली जाते. जांभ्या मातीचं उलटं आहे. ती सुकली की विटेसारखी होते, यंत्र वरच्यावर नाचतं आणि हातांना मुंग्या येतात. आदल्या संध्याकाळी शिंपण करून सकाळी चालवलं तर तीच माती ऐकते.

आता पेट्रोल. दोन-स्ट्रोकला तेल मिसळलेलंच पेट्रोल लागतं. पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर एका लिटरला ४० मिली टू-टी तेल, ५०:१ असेल तर २० मिली. मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण चालतं, अंदाज चालत नाही. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून जाम होतो. जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून मग टाकीत ओता.

थंड इंजिन चालू करताना स्विच ऑन करा आणि प्रायमरचा रबरी फुगा सहा-आठ वेळा दाबा, परतीच्या पारदर्शक नळीतले बुडबुडे संपेपर्यंत. चोक बंद करा, म्हणजे हवेची वाट अडवा. दोरी आधी हळू ओढा, अडते तिथे थांबा आणि तिथून झटका द्या. दोरी पूर्ण लांबीपर्यंत ओढू नका, हातातून मोकळी सोडू नका. दोरी तुटणं आणि स्प्रिंग उडणं याच दोन सवयींमुळे होतं. तीन-चार झटक्यांत इंजिन एकदा खोकतं. तो खोकला ऐकला की चोक उघडायचा. तो न उघडता ओढत राहणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण मग इंजिन पेट्रोल पितं आणि बसतं. चालू झाल्यावर दोनेक मिनिटं मोकळं चालू द्या. गरम इंजिनाला चोक लावायचा नाही.

चालू होतच नसेल तर प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसून वाळवा, स्विच बंद ठेवा, चोक उघडून आणि अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून दहा वेळा दोरी ओढा, मग प्लग बसवा. हे करताना जवळ विडी-काडी नको. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: टाकीतला फिल्टर, तडकलेली नळी, कार्बोरेटर, या क्रमाने तपासा. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी ठेवावी. इंजिन चालतं पण मातीत टेकवलं की मरतं, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा एअर फिल्टरचा स्पंज जांभ्या धुळीने भरलेला असतो. साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून लावा.

मातीत उतरल्यावर सगळा खेळ पात्यांची खोली ठरवणाऱ्या मागच्या दांड्याचा. दांडा वर असला तर यंत्र पुढे पळतं आणि तुम्ही मागे ओढले जाता. फार खाली असला तर एकाच जागी खड्डा करून बसतं. नवशिके यंत्र पळालं की हॅन्डल वर उचलतात. त्याने ते आणखी पळतं. हॅन्डल खाली दाबा, दांडा रुततो, वेग कमी होतो, पाती खोल जातात. पहिला फेरा ५-७ सेंमी, दुसरा आडवा १२ सेंमीपर्यंत. एका फेऱ्यात पूर्ण खोली काढायला गेलं की क्लच घसरून तापतो आणि जळका वास येतो. आधी मोकळी झालेली गुंठाभर जमीन दोन फेऱ्यांत साधारण पाऊण तासात होते. पायात चप्पल नको, बूट हवेत. पात्यांत चिरा किंवा दगड अडकला तर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढल्याशिवाय हात घालायचा नाही.

आगरात जास्त जपावं लागतं. नारळाच्या आळ्यात, म्हणजे बुंध्यापासून साधारण १.८ मीटरच्या आत, अन्न शोषणारी मुळं दाट असतात. तिथे वरवर खुरपणी एवढंच. सुपारीची मुळं तर आणखी वर, तिच्या बुंध्याशी यंत्र नेऊच नये. झावळीचे धागे, काथ्या आणि ठिबकच्या बारीक नळ्या पात्यांच्या दांड्याला गुंडाळतात आणि गिअरबॉक्सचं ऑइल सील कापतात. दर अर्ध्या तासाला सुरीने ते काढा. आणि जिथे लव्हाळा किंवा हरळी माजली आहे तिथे टिलर म्हणजे शुद्ध शत्रू. तुकडे होतात, प्रत्येक तुकडा फुटतो. आधी गाठी आणि काशा खणून वेचा, मग यंत्र.

पाती धुऊन परत बसवताना डावं-उजवं उलटं होतं. धारेची बाजू पुढे मातीत शिरली पाहिजे. उलटी बसली तर यंत्र माती कापत नाही, नुसती चोपतं. अशा ‘नादुरुस्त’ टिलरला मेकॅनिकची गरज नसते, दोन पिना काढून डावा-उजवा संच आपसांत बदलायची असते.

यंत्राचा खरा कर्दनकाळ पाऊस. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि जून ते सप्टेंबर इथल्या हवेत ओलीला तोटा नाही. टाकीत मिश्रण ठेवून चार महिने पडवीत उभा केलेला टिलर ऑक्टोबरात सहसा चालू होत नाही: कार्बोरेटरचा पडदा ताठ, जेट चिकटलेला. मे अखेर टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लगच्या भोकातून थोडं टू-टी तेल सोडून दोरी दोनदा सावकाश ओढा. पाती जळक्या तेलाने पुसा, यंत्र फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या कागदात घट्ट बांधू नका, आत घाम धरतो.

घेताना रंगापेक्षा सुटे भाग बघा: स्टार्टरची दोरी व स्प्रिंग, पडद्यांचा किट, क्लच, ऑइल सील. एक सोय म्हणजे गवत कापायच्या मशीनची दुरुस्ती करणारा मेकॅनिक आता जवळपास सापडतो, आणि ही इंजिनं त्याच जातकुळीची. अनुदान हवं असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नका. दुकानातच इंजिन चालू करायला लावा आणि अ‍ॅक्सिलेटर सोडून बघा. पाती तरीही फिरत राहिली तर स्क्रू फिरवून मोकळ्या चालीचा वेग कमी करायला सांगा. तेवढ्याने थांबली नाहीत तर क्लचची स्प्रिंग गेलेली आहे, दुसरं यंत्र काढायला लावा.