एसएसीडी प्लेअर: एचडीएमआय की सहा आरसीए?

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) प्लेअर रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, जोडायचा तर ऑप्टिकल केबल विसरा, त्यातून एसएसीडीचा ५.१ (सहा चॅनेलचा) आवाज जातच नाही.

एचडीएमआयची एकच केबल पुरते. एसएसीडीच्या मूळ डिजिटल स्वरूपासाठी, म्हणजे डीएसडीसाठी, दोन्हीकडे एचडीएमआयची किमान १.२ आवृत्ती हवी. रिसीव्हरला डीएसडी चालत नसेल तर प्लेअरमध्ये पीसीएम (साध्या सीडीवरचे डिजिटल स्वरूप) निवडा.

आरसीएच्या (अ‍ॅनालॉग) वायरी सहा, आणि सेंटर स्पीकर व सबवूफरच्या वायरींची अदलाबदल नेहमीचीच. बहुतेक रिसीव्हर मल्टिचॅनल इनपुटवर बास मॅनेजमेंट (खालचे सूर सबवूफरकडे वळवणे) करत नाहीत. म्हणून स्पीकरचा आकार, अंतर प्लेअरमध्येच भरा. नाहीतर कित्येक डिस्कवर सबवूफर गप्प. त्यात गोव्याची खारी हवा! कळंगुटसारख्या किनाऱ्यालगत पिना काळवंडतात, खरखर येते. गणेश चवथीच्या साफसफाईत वीज बंद करून या पिनाही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

रिसीव्हर नवा असेल तर एचडीएमआयच. जुना, एचडीएमआय नसलेला, किंवा प्लेअरचा डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारा भाग) जास्त चांगला असेल, तर आरसीए.