घरून काम, पण सोबत हवी: ठाणे-नवी मुंबईत कुठे बसावं?

घरी वायफाय चांगलं चालतं, खुर्चीही बरी आहे, पण दिवसभरात कुरिअरवाल्याशिवाय कोणाशी बोलणं होत नाही. असं झालं की माणूस कोवर्किंगचे, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या ऑफिसचे, दर बघायला लागतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत खरे पर्याय चार आहेत: मोठ्या साखळीचं कोवर्किंग, गल्लीतलं छोटं कोवर्किंग, अभ्यासिका आणि आपल्याच सोसायटीचं क्लबहाउस. टेबल-खुर्ची चारही ठिकाणी मिळते. सोबत मिळेल का, हे भाड्यावरून कळत नाही. तीच माणसं त्याच वेळेला पुन्हा पुन्हा दिसतात का, आणि काम बाजूला ठेवून एकत्र थांबायची काही सोय आहे का, ते बघावं लागतं.

ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रामरने ९ ऑगस्ट २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत कोवर्किंग सुरू केलं, तेव्हा ती जागा आठवड्यातून दोनच दिवस उघडी असायची आणि एकत्र जेवण हा दिनक्रमाचाच भाग होता. सुरुवातीला तिकडे कोणी फिरकलंही नाही. आताच्या जाहिरातींत बीनबॅग दिसतात, जेवणाचं टेबल क्वचितच दिसतं. जागा बघायला गेलात की आधी ते टेबल शोधा.

मोठी साखळी की छोटी जागा

वागळे इस्टेट, घोडबंदर रोड, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यात टॉवरमधली मोठी कोवर्किंग भरपूर आहेत. कामाच्या दृष्टीने त्यांना तोड नाही. जनरेटर, दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, कॉल घ्यायला छोटे बंद फोन बूथ, तासावर मीटिंग रूम. सोबतीचा हिशोब मात्र मजल्यावर एक फेरी मारून करायचा. समजा ८० खुर्च्यांपैकी ६५ काचेच्या केबिनांत असतील, तर तिथे कंपन्यांच्या टीम बसल्या आहेत. त्यांचं जेवण, वाढदिवसाचा केक, चहा सगळं आपापसांत चालतं. उरलेल्या १५ हॉट डेस्कवर रोज वेगळे चेहरे, आणि प्रत्येकाच्या कानात हेडफोन.

म्हणून सोबतीसाठी जात असाल तर हॉट डेस्कपेक्षा डेडिकेटेड डेस्क बरा. हॉट डेस्क म्हणजे त्या दिवशी रिकामी असेल ती जागा. डेडिकेटेड म्हणजे ठरलेली, जिथे मॉनिटर आणि पाण्याची बाटली ठेवून घरी जाता येतं. भाडं जास्त पडतं, पण शेजारी ठरलेला असतो. ओळख चार्जर मागण्यापासून सुरू होते, आणि रोज नव्या माणसाकडे चार्जर मागायला जीभ रेटत नाही. बजेट हॉट डेस्कचंच असेल तर वार आणि कोपरा आपणच पक्का करा: मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीच खिडकी. थोडे दिवस ऑफिस, थोडे दिवस घर अशा हायब्रिडवाल्यांमुळे सोमवारी आणि शुक्रवारी बऱ्याच जागा ओस असतात, त्यामुळे तेच दिवस निवडलेत तर पैसे भरून एकटेच बसाल.

छोट्या जागा नौपाडा, पाचपाखाडी, कोपरखैरणे, नेरूळ इथे दुकानांच्या वरच्या मजल्यावर सापडतात. खुर्च्या १५ ते ४०. मालक बहुधा स्वतः तिथेच बसलेला असतो, आणि हाच तिथला मोठा फायदा. कोण वेबसाइट करतं, कोणाला अकाउंटंट हवा आहे, हे त्याला तोंडपाठ असतं आणि तो गाठ घालून देतो. साखळीत हे काम कम्युनिटी मॅनेजरचं असतं. तिथे गेल्यावर एकच प्रश्न विचारा: तुम्ही या शाखेत किती दिवस आहात? दर चार महिन्यांनी माणूस बदलत असेल तर ओळखी करून देणार कोण?

छोट्या जागेच्या अडचणीही ठरलेल्या आहेत. फोन बूथ नसतो, त्यामुळे क्लायंटचा कॉल जिन्यात उभं राहून घ्यावा लागतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे आणि राउटर चालतात, एसी नाही. मे महिन्यात दुपारी तीनला याचा अर्थ कळतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे एखादी कंपनी येऊन सगळ्या खुर्च्या एकदम मागते, मालकाला ठोक भाडं दिसतं आणि सुट्या लोकांना महिन्याभराची नोटीस मिळते. जमलेला गोतावळा तिथेच मोडतो. असं झालं तर काय, हे आत शिरण्याआधी विचारून ठेवा, आणि वर्षभराचं भाडं एकरकमी भरू नका.

दोन्हीकडे डे पास, म्हणजे एका दिवसाचा पास, काढून बघा, पण सकाळी दहाला फक्त रिसेप्शन बघून परत फिरू नका. एक ते दोन या वेळेत पँट्रीत थांबा. मायक्रोवेव्हसमोरच्या रांगेत लोक एकमेकांशी बोलतात की मोबाइलमध्ये बघतात? डबा एका लांब टेबलावर उघडतात की जो तो आपल्या डेस्कवर नेतो? पँट्रीत मांसाहार चालतो का, हेही आधीच विचारा. काही ठिकाणी बंदी असते, आणि ज्याच्या डब्यात आठवड्यातून तीनदा बांगडा असतो त्याला नंतर कळून उपयोग नाही.

दर ऐकताना जीएसटी धरून बोला. ७,००० रुपये भाडं म्हणजे १८ टक्क्यांनी ८,२६०. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर वरच्या १,२६० रुपयांचं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजावट, सहसा मिळतं, नसेल तर तो खर्चच. डिपॉझिट, लॉक-इन (किमान किती महिने जागा सोडता येत नाही) आणि नोटिशीचे दिवस लेखी घ्या. एसी संध्याकाळी किती वाजता बंद होतो आणि शनिवारी चालू असतो का, हेही त्याच कागदावर.

अभ्यासिका

या दोघांपुढे अगदीच स्वस्त. नंबर घातलेली खुर्ची, दोन बाजूंना पार्टिशन, एक सॉकेट, एक दिवा. पण इथली शांतता एमपीएससी, सीए, नीटवाल्यांसाठी आहे. कॉल घेतलात की दहा माना वळतात, आणि जोरात वाजणाऱ्या कीबोर्डचीही तक्रार जाते. लिहिणं, भाषांतर, कोडिंग अशी बिनआवाजाची कामं असतील तर ठीक. सोबत खाली चहाच्या टपरीवर मिळते आणि ती चांगली घट्ट असते, कारण सगळे एकाच विवंचनेत असतात. मात्र निकाल लागला की निम्मे चेहरे गायब.

ग्रंथालयाचा वाचनकक्ष याच्याशी गल्लत करू नये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. अशा संस्थांमध्ये किंवा वाशीच्या साहित्य मंदिरात माणसं जोडली जातात ती संध्याकाळच्या कार्यक्रमांत. लॅपटॉप उघडून आठ तास बसायची ती जागा नव्हे.

सोसायटीचं क्लबहाउस

मोठ्या संकुलांत हे सकाळी रिकामं पडलेलं असतं आणि फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. कमिटीला लेखी पत्र द्या: आठवड्यातून दोन दिवस, दहा ते एक, सहा ते आठ जण, वीज आणि एसीचा खर्च वाटून. चांगल्या प्रतीचे दोन एक्स्टेंशन बोर्ड आणि वेगळा राउटर लागतो, कारण क्लबहाउसचं वायफाय बहुधा ट्रेडमिलजवळच संपतं. कॉल कुठे घ्यायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा. दुपारनंतरची वेळ मागू नका. शाळा सुटल्या की कॅरम आणि कराटेचा वर्ग सुरू होतो. इथली ओळख सर्वांत टिकाऊ, कारण माणूस लिफ्टमध्येही भेटतो. उणीव इतकीच, की कामाच्या नव्या ओळखी होत नाहीत आणि "नोकरी सुटली का हो?" या चौकशीला अधूनमधून उत्तर द्यावं लागतं.

अंतर

वीस मिनिटांच्या पलीकडची जागा घेऊ नये. भाडं भरलं म्हणून पहिला महिना जाल, मग पावसाळा येईल. घोडबंदर रोडला राहणाऱ्याने नकाशावरचे किलोमीटर नव्हे, सकाळी साडेनऊचा प्रवास प्रत्यक्ष करून बघावा. वाशी आणि बेलापूरला कार्यालयं थेट रेल्वे स्थानकाच्या इमारतींत आहेत, त्यामुळे ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून वाशी गाठणं कधी कधी माजिवड्याहून वागळेला जाण्यापेक्षा सुखाचं वाटतं. महापेला मात्र स्थानकावरून पुढे रिक्षा आलीच.

दिवसभर कॉल असतील तर साखळीचा डेडिकेटेड डेस्क. एकट्याचा व्यवसाय असून ओळखीतून काम मिळवायचं असेल तर छोटी जागा. फक्त बोलायला माणसं हवी असतील आणि खिशाला झळ नको असेल, तर आधी क्लबहाउसचं पत्र टाका. कमिटीची पुढची सभा होईपर्यंत डे पासवर दोन-तीन कोवर्किंग बघून होतील.