फायर एक्स्टिंग्विशर सर्व्हिसिंग, फोंडा-बेतोडा भाग: सिलिंडर भिंतीवरून खाली उतरवून बघणारे लोक

आमची पुठ्ठ्याच्या बॉक्सांची फॅक्टरी आहे, गोव्यात बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. आत बघाल तिकडे कागदाचे रोल, कटिंगचा भुसा, फोर्कलिफ्टच्या बॅटरीचा चार्जर आणि मागच्या बाजूला कँटीन. मेंटेनन्स माझ्याकडे असल्यामुळे भिंतीवरचे लाल सिलिंडर पण माझ्याच गळ्यात. गेल्या वर्षी चवथीच्या आधी जुना रिफिलवाला बंद करून ह्या सर्व्हिसिंगवाल्या लोकांना एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट दिलं, आता बरेच महिने झाले म्हणून लिहितोय, आणि जरा सविस्तर लिहितोय कारण हे काम करून घेताना नक्की काय बघायचं ते कोणी सांगत नाही, सगळे फक्त रेट विचारतात.

आधीच्या माणसांचं काम कसं चालायचं ते सांगतो, नाव घेत नाही. दोघं यायचे, फडक्याने धूळ पुसायचे, जुना स्टिकर नखाने खरवडून वर नवा चिकटवायचे, रिफिलची तारीख पेनाने टाकायचे आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत गेट पासवर सही घेऊन मोकळे. सिलिंडर हूकवरून खाली उतरायचाच नाही. बिल मात्र पूर्ण रिफिलिंगचं. इन्स्पेक्शनला कोणी आलं की स्टिकर बघतात, तारीख बरोबर असते, विषय संपला. गोव्यात कितीतरी ठिकाणी हेच चाललंय असं मला वाटतं, आणि ह्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

ह्या लोकांनी पहिल्याच दिवशी सगळे सिलिंडर खाली उतरवून शेडमध्ये रांगेत मांडले. त्यांचा टेक्निशियन वाळपईकडचा तरुण मुलगा आहे, कमी बोलतो पण हात स्वच्छ चालतो. त्याने एक ६ किलोचा एबीसी, म्हणजे पावडरवाला सिलिंडर उचलला, प्रेशर गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात, सील जागेवर, स्टिकर नवाकोरा. मी म्हटलं हा तर ठीकच दिसतोय रे. तो म्हणाला, "दादा, काटा फक्त प्रेशर सांगतो, आतल्या पावडरीचं तो काही सांगत नाही." मग सिलिंडर उलटा धरून माझा हात बुडाला लावायला लावला. पावडर मोकळी असेल तर ती सरकल्याचं हाताला कळतं. इथे काहीच हललं नाही. मग आतलं प्रेशर हळूहळू सोडून, गेज शून्यावर आल्याची खात्री करून त्याने व्हॉल्व्ह खोलला, आत टॉर्च मारला आणि मला बघायला बोलावलं. पावडर बुडाशी बसून पावसात उघड्या राहिलेल्या मिठासारखी दगड झालेली, आणि डिप ट्यूबचं, म्हणजे पावडर वर खेचणाऱ्या आतल्या नळीचं तोंड त्यात रुतलेलं. म्हणजे आग लागली असती, कोणी धावत जाऊन पिन ओढून दाबलं असतं, तर फुस्स करून नुसता नायट्रोजन बाहेर आला असता. हा सिलिंडर कागदोपत्री नुकताच रिफिल झालेला होता.

एबीसीमधली पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ती ओलावा धरते आणि आपल्याकडे जूनपासून पुढचे चार महिने हवेत ओलावा किती असतो ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे ह्यांची एक गोष्ट मला फार आवडली, भर पावसात जागेवर पावडरचा सिलिंडर ते उघडतच नाहीत. सरळ सांगतात की वर्कशॉपला नेऊ, तिथे कोरड्या खोलीत भरू. आधीचे लोक पावसात आमच्या शेडच्या दारात बादली ठेवून हे काम करायचे, जेव्हा कधी करायचे तेव्हा.

दुसरी गोष्ट नोझलची. लोडिंग बे जवळच्या सिलिंडरच्या होज पाइपात त्याने बारीक तार घातली तर आतून सुकलेल्या मातीचे तुकडे पडले, कुंभारीण माशीने घर केलेलं. बाहेरून बघून कुणाला कळणार नाही. ही माशी आपल्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात, पाइपात, स्विचबोर्डाच्या भोकात कुठेही घर करते, मग उघड्या बाजूला लटकणारी नळी ती का सोडेल. तेव्हापासून आमच्या महिन्याच्या चेकिंगमध्ये नोझलमध्ये टॉर्च मारून बघणं हे कायमचं आलं.

तिसरं गंज. ज्यांच्याकडे हूक तुटला म्हणून सिलिंडर फरशीवर ठेवलेत त्यांनी आजच बूड वर करून बघा. लादी पुसताना पाणी खाली राहतं, रंगाला फुगे येतात आणि रिंगच्या आत पत्रा खात जातो. ह्यात १५ बारच्या आसपास प्रेशर असतं, गंजलेल्या पत्र्यावर ते सोडून देणं म्हणजे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ. ह्या मुलाने आमचे काही सिलिंडर तिथेच बाजूला काढले, खडूने फुली मारली आणि म्हणाला हे मी भरणार नाही. एकावर पंच केलेलं उत्पादनाचं वर्ष बघितलं तर १० वर्षं कधीच उलटून गेलेली. आयएस २१९० म्हणून भारतीय मानक आहे, त्यात पाणी, फोम आणि पावडरवाल्यांचं आयुष्य १० वर्षं आणि सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवाल्यांचं १५ वर्षं धरलंय. हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या प्रेशरने सिलिंडर तपासणं, पाणी-फोम-पावडरवाल्यांची दर ३ वर्षांनी आणि सीओटूची दर ५ वर्षांनी. नवीन विकायला मिळावे म्हणून कंडम करतायत का अशी शंका आमच्या अकाउंट्सवाल्यांना आली होती, पण त्याने सांगितलं की नवे कुठूनही घ्या, फक्त आयएसआय मार्क आणि वर्ष बघून घ्या. आम्ही नवे दुसरीकडून घेतले आणि तरी त्यांचं तोंड वाकडं झालं नाही.

सीओटूचं तर वेगळंच. त्याला प्रेशरचा काटाच नसतो, म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. ते ओळखायचं वजनावर. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन पंच केलेलं असतं, वजनकाट्यावर घातल्यावर येईल त्यातून ते वजा करायचं की आत गॅस किती ते कळतं, आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त कमी भरला तर रिचार्ज. म्हणजे साडेचार किलोवाल्यात ४५० ग्रॅम. ह्यांनी स्वतःचा वजनकाटा आणला होता आणि प्रत्येकाचं वजन माझ्यासमोर कार्डावर लिहिलं. मेन पॅनेलसमोरचा आमचा सीओटू पाऊण किलोने हलका निघाला, व्हॉल्व्हमधून हळूहळू जात होता. आधीच्या कार्डावर वजनाचा रकानाच नव्हता.

जागाही त्यांनी बदलून घेतल्या, आणि हे एएमसीत नसताना केलं. नियम असा की आपण जिथे असू तिथून १५ मीटरपेक्षा जास्त चालावं न लागता सिलिंडर हाताला लागला पाहिजे, आणि हे अंतर मशिनला वळसा घालून चालायचं अंतर, नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं धरायचं नाही. त्याने पावलं टाकत मोजलं. तयार मालाच्या गठ्ठ्यांमागे एक सिलिंडर वर्षानुवर्षं झाकलेला होता तो दाराजवळ आणला, म्हणजे माणूस सिलिंडर घेऊन आगीकडे जाईल तेव्हा बाहेर पडायची वाट त्याच्या पाठीशी राहील. पॅनेलसमोर एबीसी होता तिथे सीओटू लावला, कारण एबीसीची पावडर इलेक्ट्रॉनिक कार्डांवर बसली की ओलाव्याने चिकटते आणि तांबं खाते, आग विझते पण पॅनेल जातं.

कँटीनबद्दल मी त्यांना विचारलं तेव्हा जे उत्तर मिळालं ते हॉटेलवाल्यांनी खास वाचावं. कढईतल्या तेलाला आग लागली तर पाणी कधीच नाही, आणि पावडरचा जोरदार फवारा जवळून मारला तर उकळतं तेल उडतं, वर ज्वाळा दबली तरी तापलेलं तेल परत पेट घेऊ शकतं. त्यासाठी वेट केमिकलचा सिलिंडर असतो, क्लास एफचा, लोक त्याला के टाइप म्हणतात. तो तेलावर साबणासारखा थर धरतो आणि तेल गारही करतो. आमच्याकडे मावशी रोज भजी तळतात, म्हणून आम्ही एक घेतला, आणि गॅस बंद करून घट्ट झाकण टाकायचं हे त्यांना आधी शिकवलं.

आता ट्रेनिंग. एप्रिलमध्ये फायर सर्व्हिस वीक असतो, १४ ते २०, १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन अग्निशामक दलाचे जवान गेले त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात ह्यांनी आमच्या आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये आग लावून प्रत्येकाच्या हातात सिलिंडर दिला. आमच्याकडे अर्धी मुलं ओडिशा-झारखंडची, बाकीची सत्तरी आणि सांग्याकडची. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पिन ओढली. पिन ओढताना हँडल दाबून धरलं की पिन अडकते, हे करून बघितल्याशिवाय कळतच नाही, पहिले तीन-चार जण तिथेच घाबरले. नेम ज्वाळेच्या शेंड्याला लावायचा नसतो, बुडाला लावायचा आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. ६ किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, तेवढ्यात काय होईल ते होईल. सीओटूचा हॉर्न, म्हणजे पुढचं भोंग्यासारखं तोंड, उघड्या हाताने धरायचा नाही, आतून उणे ७८ अंशाचा बर्फ निघतो, कातडी भाजल्यासारखी होते. आणि थोडासा जरी वापरला तरी परत हूकवर लावायचा नाही, व्हॉल्व्हच्या सीटमध्ये पावडर अडकते आणि उरलेलं प्रेशर हळूहळू निघून जातं.

सगळ्यात महत्त्वाचं त्याने सांगितलं ते हे, की कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तर विझवायला जा, त्यापेक्षा मोठी दिसली की दार ओढून घ्या, बाहेर पडा आणि १०१ लावा. २०२५च्या डिसेंबरात उत्तर गोव्यातल्या हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये आग लागून २५ माणसं गेली, त्यात बहुतेक तिथे कामाला असलेली. धूर माणसाला आधी मारतो. आमच्यातल्या काही मुलांचे ओळखीचे तिकडच्या किचनमध्ये कामाला असतात, ट्रेनिंगच्या दिवशी आवारात कोणी हसत नव्हतं.

हडफड्याच्या त्या आगीनंतर मात्र ह्यांची सर्व्हिस ढेपाळली, हे लिहिलंच पाहिजे. सगळ्या गोव्यात तपासणीवाले एकदम फायर सेफ्टीची कागदपत्रं मागायला लागले, हॉटेलं, शॅक, हॉल सगळे रिफिलवाल्यांच्या मागे, आणि आमच्यासारखे जुने गिऱ्हाईक लाइनीत मागे गेले. फोन उचलायचे नाहीत, उचलला तर उद्या. दोन सिलिंडर रिफिलला नेले ते वेळेत परत आले नाहीत आणि त्यांच्या जागी स्टँडबाय, म्हणजे तात्पुरता बदली सिलिंडर, फक्त एकच दिलेला. कागदाच्या गोडाऊनमधला हूक रिकामा ठेवणं मला पटत नाही, मी ऑफिसमधला काढून तिथे लावला आणि मॅनेजरला तसं लेखी कळवलं. जेवढे नेता तेवढे भरलेले ठेवून जा, हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका.

बिलात पण एक खटकलं. ओ-रिंग, होज आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग वेगळी लावतात, जे योग्यच आहे, पण आधी सांगत नाहीत. जुने काढलेले पार्ट मागितले की देतात, मी सगळे एका डब्यात ठेवलेत. रेट आधीच्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त. पण आधी आम्ही स्टिकरचे पैसे देत होतो, त्याच्याशी तुलना कशी करणार.

कार्ड इंग्लिशमध्ये आहे. वापरायच्या सूचना हिंदीत करून दिल्या, मराठीतल्या मागून कंटाळलो, शेवटी आमच्या सुपरवायझरने स्वतः लिहून लॅमिनेट करून लावल्या.

मधल्या काळात महिन्याचं चेकिंग आमची आम्ही करतो, त्याची पद्धत ह्यांनीच बसवून दिली. सिक्युरिटीचे काका पहिल्या तारखेला फेरी मारतात. जागेवर आहे का, समोर माल लावलाय का, काटा हिरव्यात, सील आणि पिन, होजला चीर, नोझल मोकळं, बुडाला गंज. कार्डावर सही आणि तारीख. काका सातवी शिकलेले आहेत पण आता कोणी सिलिंडरसमोर पॅलेट लावलं तर फोर्कलिफ्टवाल्याला थांबवून हलवायला लावतात, मॅनेजर असला तरी ऐकत नाहीत.

ज्यांना ह्यांना बोलवायचंय त्यांनी मे महिन्याच्या सुरुवातीलाच तारीख घ्या, पाऊस सुरू झाला की सगळं वर्कशॉपला जातं आणि वेळ लागतो. बेतोडा, कुंडई, मडकई, फोंडा शहर इकडे येण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, वेर्ण्याला आमच्या दुसऱ्या युनिटला आले तेव्हा घेतले. आणि काम चालू असताना तिथे उभे राहा, तो मुलगा विचारलेलं सगळं दाखवतो. माझ्याकडून पाचपैकी चार, स्टँडबायचं सुधारलं की इथेच येऊन बदलेन.