बाबागाडीचे सात महिने: सगळं जमलं, बटणाने घात केला

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिंगणघाटच्या बसस्थानकावर नागपूरची एसटी लागलेली, माणसं चढायला लागलेली, आणि आमची बाबागाडी काही केल्या मिटेना. उघडी बाबागाडी एसटीच्या दारातून आत जात नाही. कंडक्टर म्हणाले, "ताई, मिटवा ना लवकर, उशीर होऊन राहिला." हँडलवरची सरकपट्टी जागची हलत नव्हती. मी दोन्ही अंगठे लावले, मग यांनी जोर लावला. एसटी गेली, आम्ही खालीच राहिलो. दवाखान्यातला नंबर हुकला तो वेगळाच. त्या दिवशी ठरवलं की या गाडीबद्दल सविस्तर लिहायचं.

ही विमानाच्या केबिनमध्ये मावणारी, मिटवता येणारी, साडेसहा किलोची गाडी. मे २०२४ मध्ये सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा ६,९९९ रुपयांना घेतली. मुलांचा मामा तिथे नोकरीला आहे, राहणं-जेवणं त्याच्याकडे, म्हणून जाणं जमलं. उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातली नांगरणी, आटोपली होती आणि मृगाला अवकाश होता. कास्तकाराच्या घरात सुट्टी म्हणतात ती तेवढीच. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एका क्विंटलाची गाडी घेतली वं तुनं?" हिशेब खरा होता. २०२३-२४ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये क्विंटल होता. आमच्याकडे तेव्हा वेचाईच किलोला दहा रुपये पडायची. त्यामुळे या गाडीचा प्रत्येक रुपया मला माहीत आहे, आणि ती नीट चालावी ही माझी अपेक्षा रास्त आहे.

सिंगापुरात गाडीने पैसे फेडले, हे आधी सांगते. लहाना तेव्हा दीड वर्षाचा, मोठी चार वर्षांची. तिथे मेट्रोच्या स्टेशनावर लिफ्ट असते, फुटपाथवरून रस्त्यावर उतरायला उतार असतो, त्यामुळे चाक कुठे अडत नाही. २०१७ पासून तिथल्या बसमध्ये उघडी बाबागाडीही चढवता येते. लहान्याला तिकीट नाही, कारण ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल सोबत असेल तर फुकट नेता येतं. तिथल्या मंडाई भागातल्या प्राणिसंग्रहालयात आम्ही सकाळपासून चार वाजेपर्यंत फिरलो. एक झोपला की दुसरी चालायची, ती थकली की तिला बसवून याला कडेवर घ्यायचं. पाऊस तर रोजच यायचा. गाडीचं छत तेवढ्यापुरतं पुरतं, पाय मात्र भिजतात.

आता बटण. जाहिरातीत बाई एका हाताने गाडी मिटवते, दुसऱ्या हातात मूल. माझ्या हाताने ते एकदाही झालं नाही. आधी अंगठ्याने सरकपट्टी उजवीकडे ढकलायची, ती तशीच धरून खालचं बटण चार बोटांनी आत दाबायचं, आणि मग हँडल पुढे लोटायचं. माझा पंजा लहान आहे. अंगठा पोहोचला की बोटं सुटतात. मुंबईला सुरक्षा तपासणीत मूल बाहेर काढून गाडी मिटवून यंत्रातून पाठवावी लागते. लहाना नुकताच झोपलेला, मागे रांग. मी मूल मोठीच्या मांडीवर देऊन जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी गाडी मिटवली. विमानात सोबत पातळ पदार्थ १०० मिलीच्या वर नेता येत नाहीत, पण लेकराच्या दुधाला आणि पेजेला तो नियम लावत नाहीत, ते कुणी अडवलं नाही. अडवलं ते या बटणाने. परत येताना सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तपासणी थेट विमानाच्या गेटवर होती. इमिग्रेशन झालं, सुटलो असं वाटलं आणि पुन्हा तेच. ज्यांना मुलांना घेऊन बाहेर जायचं आहे त्यांनी गाडी घेताना रंग, कप ठेवायची जागा हे काही बघू नका. दुकानात दहा किलोचं पोतं कडेवर घ्या आणि गाडी मिटवून बघा.

तरीही मी ती चालवून घेत होते. पण बसस्थानकाच्या प्रकारानंतर कंपनीला फोन केला. एक वर्षाची वॉरंटी, सातवा महिना. विदर्भात त्यांचं सेवा केंद्र नाही. गाडी स्वतःच्या खर्चाने पुण्याला पाठवा म्हणाले. फोटो मागितले, ते पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं की अख्खं हँडल बदलावं लागेल, १,३५० रुपये, वॉरंटीत बसत नाही, कारण "बाहेरचा कचरा आत गेला आहे". मी विचारलं, कचरा दिसला कुठे? त्यावर काही बोलले नाहीत. इथपर्यंत मी लिहून ठेवलं होतं, आणि पाचपैकी एकच तारा देणार होते.

मग रविवारी दुपारी गाडी अंगणात उन्हात घेऊन बसले. पोती शिवायचं दाभण सरकपट्टीच्या फटीत घातलं आणि हळूहळू ओढलं. आधी काळी भुकटी आली, ती कापसातली वाळलेली पत्ती. मग रुवा निघाला. तो निघतच राहिला. बोटभर लांब, दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला, एका टोकाला दुधाचा पिवळा डाग. शेवटी सरकीचं अर्धं टरफल. पट्टी टक करून सरकली.

तेव्हा लक्षात आलं. २०२४-२५ चा हमीभाव ७,५२१ होता, पण व्यापारी त्याहून कमी मागत होते, म्हणून वेचलेला कापूस आम्ही समोरच्या खोलीत रचून ठेवला होता, आढ्याला टेकेल इतका. गाडी त्याच खोलीत, ढिगाला टेकून उभी. मुलं त्या ढिगावर उड्या मारायची. महिनाभर रुवा उडत होता आणि फट उघडी होती.

म्हणजे कंपनी कचरा म्हणाली ते खोटं नव्हतं, हे मी मान्य करते आणि एकाचे तीन तारे करते. पण चौथा देणार नाही. हँडलवर वरच्या बाजूला, जिथे मुलाचं दूध सांडणार, बिस्किटाचा चुरा पडणार, तिथे अर्ध्या बोटाची उघडी फट ठेवायची आणि आत काही गेलं की गिऱ्हाइकाला १,३५० सांगायचे, हे बरोबर नाही. एक रबराची पट्टी लावली असती तर भागलं असतं. आणि त्यांच्या माणसाने "सुईने साफ करून बघा" एवढं फोनवर सांगितलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

मी आता जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून हँडलवरची फट झाकायला पट्टी केली आहे, आणि गाडी कापसाच्या खोलीतून काढून माजघरात खुंटीला टांगते. चाकं, कापड, पट्टे सगळं अजून नव्यासारखं आहे. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची आहे, मामाही तिथेच आहे, तेव्हा गाडी विकणार नाही. तक्रार मात्र मागे घेतलेली नाही. क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे, सोमवारी पुन्हा फोन लावते.